मान आणि मान्यता : गावाच्या जंगलात झाड लावणाऱ्यांविषयी

जुलै महिना उजाडला की आपल्या जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांत, पंचायत समितीत आणि वनखात्याच्या कचेरीत वृक्षारोपणाची धांदल सुरू होते. पाहुणे येतात, नारळ फुटतो, रोप खड्ड्यात जाते, छायाचित्र निघते आणि चहापाणी होऊन मंडळी पांगतात. पुढे केव्हातरी प्रशस्तिपत्रके वाटली जातात. राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका या नात्याने मीही अशा कार्यक्रमांत भाग घेतला आहे आणि माझ्याजवळही असे एक प्रशस्तिपत्र आहे. ते मिळाल्याचा आनंद झाला, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही. परंतु त्या निमित्ताने एक प्रश्न मनात घर करून राहिला. झाड लावणाऱ्याचा मान कोणी करावा, केव्हा करावा आणि नेमका कशासाठी करावा? आणि ते झाड महाविद्यालयाच्या आवारात नसून एखाद्या गावाच्या सामूहिक जंगलात असेल, तर हा मान कसा असावा? या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जंगलात झाड कशाला?

आमच्या अहेरी भागाविषयी बाहेरच्या माणसाला पहिली शंका येते ती हीच. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातील दोन-तृतीयांशाहून अधिक भागावर आजही वन आहे. अशा जिल्ह्यात ‘झाडे लावा’ म्हणणे म्हणजे प्राणहितेच्या पात्रात घागर ओतण्यासारखेच नव्हे काय?

वरवर पाहता तसे वाटते खरे. परंतु गावाला लागून असलेल्या जंगलात पायी फिरून पाहावे. गुरांची रोजची चराई तेथेच, सरपण तेथलेच, घराला आणि कुंपणाला लागणाऱ्या बल्ल्याही तेथल्याच. मार्चमध्ये मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो. तेंदूला नवी पाने फुटावीत म्हणून बेलकटाई होते आणि पुष्कळदा आगही लावली जाते. ही आग झाडाखालीच थांबत नाही. परिणामी जुनी झाडे उभी दिसतात, पण त्यांच्या खाली त्यांची पोरे दिसत नाहीत. मोहाची झाडे पुष्कळ, पण गुडघ्याएवढे मोहाचे रोप शोधावे लागते. ज्या घरात म्हातारी माणसेच उरली आहेत, तेथे आज वर्दळ असली तरी उद्याची चिंता असते. गावाजवळच्या जंगलाची अवस्था काहीशी तशीच झाली आहे. म्हणून जंगलाच्या जिल्ह्यातही रोपांची गरज आहे. मात्र शहरात झाड लावणे आणि येथे झाड लावणे यांत फरक आहे, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

आजवर झालेले गौरव

आपल्या देशात झाडे लावणाऱ्यांचा गौरव करण्याची प्रथा नवी नाही. १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना आली आणि झाड लावणारा विद्यार्थी ‘स्वयंसेवक’ म्हणून ओळखला जाऊ लागला. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. १९८६ साली केंद्र सरकारने इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार सुरू केला. आपल्या राज्यात छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा वनश्री पुरस्कार व्यक्ती, शाळा, सेवाभावी संस्था, ग्रामपंचायती अशा निरनिराळ्या गटांत दिला जातो. २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेखाली संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना जिल्हा आणि राज्य पातळीवर पारितोषिके देण्यात येऊ लागली.

त्यानंतर आकडे वाढत गेले. २०१६ साली राज्याने २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला. स्वयंसेवकांची नोंद करण्यासाठी ‘महाराष्ट्र हरित सेना’ निघाली. हजारो लोकांनी त्या वेळी मनापासून खड्डे खणले यात शंका नाही. तरीही लावलेल्यांपैकी जगली किती, हा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला आणि २०२१ साली चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्याचे जाहीर झाले. चौकशीच्या राजकारणात मला शिरावयाचे नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की मान लावण्याच्या दिवशी दिला गेला आणि शंका त्यानंतर काही वर्षांनी उपस्थित झाली. २०२५ साली आपल्या गडचिरोली जिल्ह्यासाठी १ कोटी झाडांचा संकल्प जाहीर झाला आहे. म्हणजे हा प्रश्न आता आपल्या दारातच येऊन उभा आहे.

लावणे आणि जगवणे

रोपाचे पहिले तीन वर्षांचे आयुष्य कसे असते, हे समजून घेतल्यावाचून मान कोणाचा करावयाचा ते कळणार नाही.

सागाचेच उदाहरण घ्या. रोपवाटिकेत वाढलेले सुमारे वर्षाचे रोप उपटून त्याचा शेंडा आणि बारीक मुळ्या छाटतात. अंगठ्याएवढ्या जाडीचे, वीतभर लांब मूळ आणि वर जेमतेम बोटाच्या पेराएवढे खोड एवढेच शिल्लक राहते. वनमजूर त्याला ‘स्टंप’ म्हणतात. पहिला चांगला पाऊस झाला की सब्बलीने भोक पाडून तो जमिनीत बसवितात. दोन मीटरवर ओळ आणि दोन मीटरवर रोप या हिशेबाने एका हेक्टरात २,५०० रोपे लागतात. आवळा, मोह, चार यांसारखी झाडे पिशवीतील रोपांनी लावतात. त्यांचे खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवावे लागतात, म्हणजे माती उन्हात तापते. लावताना पिशवी कापून काढावी लागते. घाईत ती तशीच राहिली, तर मुळे आतल्या आत गुंडाळत राहतात आणि रोप मातीत असूनही मातीला पारखे होते.

हे सारे एका दिवसाचे काम झाले. पुढे काय? ऑगस्ट-सप्टेंबरात गवत रोपाच्या डोक्यावर जाते, तेव्हा निंदणी करावी लागते. पहिल्या वर्षी ती एकदा करून भागत नाही. ऑक्टोबरात पाऊस जातो आणि मृग येईपर्यंत आठ महिने जवळजवळ कोरडे असतात. मोकाट गुरे येतात, चितळ कोवळा शेंडा खुडतात. फेब्रुवारीच्या आत रोपवनाभोवती जाळरेषा काढली नाही, तर मार्चमधील एक ठिणगी २,५०० रोपांचा हिशेब एका दुपारी पुरा करते. असे तीन उन्हाळे काढले, म्हणजे मग रोपाला झाड म्हणण्यास हरकत नाही.

आता या कामांची माणसे कोण? खड्डे कोणी खणले? रोपवाटिकेत पिशव्या कोणी भरल्या? निंदणी कोणी केली, जाळरेषा कोणी झाडली, आग दिसताच हिरवी डहाळी घेऊन कोण धावले? बहुधा गावातीलच बायाबापड्या आणि तरुण पोरे. त्यांपैकी काहींना हजेरीपटावर मजुरी मिळते, काहींना तीही मिळत नाही. आणि प्रशस्तिपत्र मिळते ते आम्हांला, कारण रोप खड्ड्यात ठेवण्याच्या क्षणी आम्ही तेथे उभे होतो! आमचा उत्साह खोटा नसतो. परंतु एका तासाच्या कामाला कागद आणि तीन वर्षांच्या कामाला मौन, हा हिशेब बरोबर नाही, एवढे तरी आपण मान्य केले पाहिजे.

केनया देशात वंगारी मथाई या विदुषीने १९७७ साली ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू केली. खेड्यातील स्त्रिया रोपे तयार करून लावीत आणि त्यांना अगदी अल्पसा मोबदला मिळे. परंतु तो लावलेल्या रोपामागे नसून जगलेल्या रोपामागे मिळत असे. एवढ्या साध्या नियमाने त्या स्त्रियांचे लक्ष खड्ड्याकडून झाडाकडे वळले. मथाईंना २००४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुरस्काराची ही योजना आपल्याला परकी वाटू नये, कारण आपल्याकडेही ‘झाडे लावा’ या घोषणेला ‘झाडे जगवा’ अशी जोड आहेच. घोषणेचा उत्तरार्ध आपण भिंतीवर लिहितो आणि पूर्वार्धाला बक्षीस देतो, एवढाच काय तो घोटाळा आहे.

राखणे

लावणे आणि जगवणे यांच्याखेरीज तिसरे एक काम आहे. त्यासाठी आपल्या भाषेत ‘राखणे’ हा फार चांगला शब्द आहे. राखणे म्हणजे रक्षण करणे, आणि राखणे म्हणजे न तोडता शिल्लक ठेवणेही.

एका हिवाळी शिबिरात आम्ही काही मुली गावातील एका आजींच्या शेतावर गेलो होतो. धानाच्या बांधांमध्ये मोहाची मोठमोठी झाडे उभी होती. ही कोणी लावली, असे आम्ही विचारले. आजींना प्रश्नाचे नवलच वाटले. लावली कोणीच नाहीत. सासऱ्यांनी शेत काढले तेव्हा राखली, असे त्यांनी सांगितले. आमच्या वहीत ‘लावणाऱ्याचे नाव’ असा रकाना होता आणि राखणाऱ्यासाठी रकानाच नव्हता. मोहाची फुले, टोळीचे तेल, झाडाची सावली हे सारे त्या घराला ज्याच्यामुळे मिळाले, त्या माणसाने एकही खड्डा खणला नव्हता. त्याने फक्त कुऱ्हाड चालविली नव्हती.

जंगल बहुतांशी असेच वाढते. साग तोडल्यावर त्याच्या बुंध्यातून धुमारे फुटतात. बांबूला काही दशकांनी एकदाच फुलोरा येतो, बेटेच्या बेटे वाळतात आणि खाली पडलेल्या बियांतून असंख्य रोपे उगवतात. त्या वेळी गुरे आणि आग यांना चार-पाच वर्षे दूर ठेवणे हीच बांबूची लागवड. आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अवघे ६ हेक्टरांचे ते जंगल, परंतु २०१४ साली ते राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. तेथील उंच सागाखाली उभे राहिले, म्हणजे हे कोणी लावले हा प्रश्न सुचत नाही. ज्यांनी ते राखले, त्यांचे ते वैभव आहे.

राखण्यासाठी प्रसंगी पदरचे घालावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे छोटे गाव आहे. २०१२ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे ग्रामसभेने विचार करून तेंदूपाने तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी होणारी छाटणी आणि लागणारी आग जंगलाला नडते, असे लोकांच्या ध्यानात आले. तेंदूचा हंगाम म्हणजे आपल्याकडे वर्षातील रोख पैशाचा मोठा आधार, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या निर्णयाचे मोल कळेल. असा निर्णय घेणाऱ्या गावाने किती रोपे लावली, एवढेच विचारून त्याचे मोजमाप कसे होणार?

मान निराळा, मान्यता निराळी

येथवर मानाचा विचार झाला. आता मान्यतेचा.

इंग्रजीत या दोहोंना बहुधा एकच शब्द वापरतात. मराठीत मात्र ते दोन आहेत आणि त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. मान देणारा वर असतो आणि घेणारा खाली. शाल पांघरली जाते, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम संपतो. मान्यता म्हणजे जे मुळातच आहे ते कबूल करणे. संसदेने २००६ साली केलेल्या वनहक्क कायद्याच्या नावातच हा शब्द आहे : अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांच्या ‘वनहक्कांची मान्यता’. हक्क ‘देण्याचा’ कायदा असे त्याचे नाव नाही. वननिवासींवर इतिहासात अन्याय झाला, हे त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच नमूद आहे. गाव ज्या जंगलाचे परंपरेने रक्षण करीत आले, त्याचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क २००८ पासून अमलात आलेल्या या कायद्याने मान्य केला. हेच सामूहिक वनसंसाधन, म्हणजे साध्या भाषेत गावाचे जंगल. आपल्या जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांना आज असा हक्क मिळालेला आहे.

याची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ साली देशात सर्वप्रथम असे हक्क मिळाले. मेंढ्याचे क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर. परंतु हक्काचा कागद येण्यापूर्वी दोन दशकांहून अधिक काळ ते गाव आपले जंगल राखीत होते. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही त्यांची गोंडी घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. तरी तेथील ग्रामसभेत निर्णय होतो तो सर्वसहमतीने, बहुमताने नव्हे. बाहेरून मिळालेल्या मजुरीचा दहावा हिस्सा गावाच्या कोषात टाकावयाचा, आणि जंगलाच्या गस्तीला पाळीपाळीने जावयाचे, असे नियम गावाने स्वतःच केले. एवढे असूनही हक्क मिळाल्यावर बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यावयास २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक गावाच्या स्वाधीन केले.

आता विचार करा. त्या गावाला त्या दिवशी शाल-श्रीफळ दिले असते आणि पुस्तक दिले नसते, तर? मान झाला असता, मान्यता झाली नसती. उलट, नुसते पुस्तक मिळाल्याने गावाचे काहीच उणे झाले नाही.

दुसरी एक गोष्ट येथे ध्यानात येते. पाळीने गस्तीला जाणारा माणूस स्वतःला स्वयंसेवक म्हणवून घेत नाही. स्वतःच्या घराचा उंबरठा सारवणारी बाई जशी स्वयंसेविका नसते, तसाच तोही. ‘स्वयंसेवक’ हा शब्द बाहेरून येणाऱ्याचा आहे, म्हणजे आपला आहे. म्हणून गावाच्या जंगलात आपण जातो तेव्हा आपण पाहुणे आहोत आणि यजमान ग्रामसभा आहे, हे विसरता कामा नये. कोणते झाड लावावयाचे, कोठे लावावयाचे, मुळात लावावयाचे की नुसते राखावयाचे, हे यजमानाने ठरवावे. ही केवळ सौजन्याची बाब नव्हे. वनविकास महामंडळ १९७४ साली स्थापन झाले. त्याच्या कामात मिश्र जंगल तोडून त्या जागी सागाची लागवड झाली. सरकारी दप्तरी ते वृक्षारोपणच होते. परंतु मोह, चार, तेंदू, आवळा गेल्यावर गावाने खावे काय? आपल्या जिल्ह्यातील काही ग्रामसभांनी या तोडीला विरोध केला तो यासाठीच. गावाला न विचारता लावलेले झाडसुद्धा गावाचे नुकसान करू शकते, हा धडा आपण घेतला पाहिजे.

मान कसा असावा?

मग मान करूच नये काय? माझे मत तसे नाही. कौतुकाची भूक सर्वांनाच असते आणि योग्य कौतुकाने काम वाढते. प्रश्न योग्यतेचा आहे.

दोन उदाहरणे मला बोलकी वाटतात. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने १९९० नंतरच्या काळात आपले उजाड झालेले जंगल नियम करून पुन्हा उभे केले. त्या कामाचे अग्रणी चैत्राम पवार यांना राज्याचा पहिला वनभूषण पुरस्कार आणि २०२५ साली पद्मश्री मिळाली. परंतु मला त्याहून आवडते ती त्या गावची वनभाजी स्पर्धा. बाया जंगलातील रानभाज्या शिजवून आणतात, त्यांची माहिती सांगतात आणि बक्षिसे मिळवितात. गावाने आपल्याच बायांच्या ज्ञानाचा केलेला तो मान आहे. जंगल वाचले म्हणून भाजी मिळाली, हे पोराबाळांना न शिकविता कळते.

दुसरे उदाहरण कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या तुळसी गौडा यांचे. हलक्की समाजाच्या या बाई वनखात्याच्या रोपवाटिकेत अनेक वर्षे रोजंदारीवर राबल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. परंतु कोणत्या झाडाचे बी केव्हा घ्यावे, मातृवृक्ष कसा ओळखावा, हे त्यांना अचूक कळे. १९८६ साली त्यांना वृक्षमित्र पुरस्कार मिळाला आणि २०२० सालची पद्मश्री स्वीकारण्यासाठी २०२१ साली त्या अनवाणी राष्ट्रपती भवनात गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. तो गौरव लावलेल्या रोपांच्या संख्येपुरता नव्हता. एका मजूर स्त्रीजवळ विद्या असते, ही गोष्ट त्या दिवशी देशाने कबूल केली. तेथे मान आणि मान्यता एकत्र आली.

आपल्यापुरती योजना

मोठ्या पुरस्कारांविषयी आपण फार काही करू शकत नाही. आपल्या महाविद्यालयापुरते मात्र करू शकतो. माझ्या मनात जी योजना आहे ती अशी.

पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो आणि रोपालाही तीनच उन्हाळे काढावे लागतात. हा योग आपण साधावा. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी, ग्रामसभेने बोलाविल्यास आणि तिने सांगितलेलीच रोपे, पावसाळ्याच्या आरंभी लावावीत. त्यानंतर प्रत्येक वर्षी दोनदा, पाऊस संपल्यावर आणि उन्हाळा संपताना, तेथे जाऊन मोजणी करावी. प्रशस्तिपत्र पहिल्या वर्षी देऊच नये. ते शेवटच्या मोजणीनंतर द्यावे आणि त्यावर तीन आकडे लिहावेत : किती लावली, किती जगली, किती वेळा गेलो. जी मेली ती कशाने मेली, हेही वहीत लिहावे. गुरांनी खाल्ली, आगीत गेली, पिशवीसकट लागली, जे असेल ते लिहावे. पुढच्या तुकडीला त्याचा उपयोग होईल.

दुसरे असे, की सन्मानाचा कार्यक्रम सभागृहाऐवजी त्या गावात, ग्रामसभेपुढे व्हावा. तेथे सर्वांची नावे वाचावीत. बी गोळा करणारी, पिशव्या भरणारी, निंदणारी, जाळरेषा झाडणारा, आग विझविणारा, गुरे दुसरीकडे वळविणारा गुराखी, आणि त्यांच्याच ओळीत विद्यार्थी. कोणाचेही नाव पहिले नको, शेवटचे नको. घरांच्या क्रमाने वाचावीत. ती नावे ग्रामसभेच्या नोंदवहीत लिहिली जावीत. शाल दोन वर्षांत विरते, नोंद राहते. उद्या त्या जंगलावर कोणी दुसऱ्यानेच दावा सांगितला, तर हे जंगल कोणी राखले याचा तो पुरावाही होईल. आपण कला शाखेचे विद्यार्थी आहोत. लिहून ठेवणे हे आपले काम आहे आणि त्यात आपण गावाच्या उपयोगी पडू शकतो.

यावर आक्षेप येतील. पाऊसच पडला नाही आणि रोपे मेली, तर राबणाऱ्याचा काय दोष? दोष नाहीच. म्हणूनच ‘किती वेळा गेलो’ हा आकडा ठेवावयाचा. जो नऊ वेळा गेला आणि ज्याची रोपे दुष्काळाने मेली, त्याचा मान कमी होत नाही. दुसरा आक्षेप, तीन वर्षे थांबावे लागले तर उत्साह मावळेल. मावळेलही. पण नव्याचे नऊ दिवस संपल्यावर जे उरतील, त्यांच्याच बळावर जंगल उभे राहते. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या घरात संध्याकाळची चूल पेटण्याची विवंचना आहे, त्या घरातील माणसाकडून श्रमदानाची अपेक्षा करावी काय? करू नये. मजुरीच्या कामाची मजुरी वेळेवर आणि पूर्ण मिळाली पाहिजे. मान हा मजुरीच्या बदल्यात देण्याचा पदार्थ नव्हे. पोट भरलेल्या माणसाने श्रमदान करावे आणि उपाशी माणसाला दाम द्यावे, यातच दोघांचाही मान आहे.

तात्पर्य, झाड लावणाऱ्याचे कौतुक जरूर व्हावे, परंतु जगविणाऱ्याला आणि राखणाऱ्याला त्याच पंक्तीत बसवावे, आणि ज्या गावाचे ते जंगल आहे त्या गावाचा अधिकार सर्वांत आधी मान्य करावा. एवढे झाले, तर सन्मानचिन्हे कमी पडली तरी चालतील. आपल्या गुरुजनांनी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने या योजनेचा विचार करावा, तिच्यातील उणिवा काढाव्यात आणि येत्या पावसाळ्यात एका तरी गावाच्या ग्रामसभेला विचारून पाहावे, अशी माझी विनंती आहे. ग्रामसभा ‘या’ म्हणाली तर जाऊ. ‘रोपे नकोत, यंदा जाळरेषा झाडायला या’ म्हणाली, तर झाडू घेऊन जाऊ.